जमिनीखालची उपेक्षा

विहारचे पाणी मुंबईस १८६० साली मिळाले, तानसाचे १८९२ साली. २०१४ मध्ये मध्य वैतरणेची भर पडली. धरणे वाढली, परंतु घरापर्यंत पाणी आणणाऱ्या जुन्या, गंजलेल्या नळांची चिंता कोणी वाहावयाची? शहराच्या बहुतेक भागांत पाणी ठराविक तासच सोडले जाते. ते बंद होताच नळातील दाब ओसरतो आणि ज्या भेगेतून एरवी पाणी गळते, तिच्यातूनच गटाराचे पाणी आत शिरते. गळती हा केवळ अपव्ययाचा नव्हे, आरोग्याचा प्रश्न आहे. धरणाचे उद्घाटन होते, गाडलेल्या नळाचे होत नाही. म्हणून सांधण्यावरच भागविले जाते. महापालिकेने विभागवार मुदती जाहीर करून जीर्ण नळ बदलावेत. त्यासाठी होणारी रस्त्यांची खोदाई नागरिकांनीही समजुतीने सोसावी.