उद्देश व कारणे

दसरा उलटला आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्राच्या घडीतून आमच्या आमदारांचा कार्यअहवाल खाली पडला. चाळीस पानं, चारी रंगांत, गुळगुळीत आर्ट पेपरवर. दिवाळी अंकाचा संपादक असल्यामुळे मी आधी कागद बोटांत चोळून पाहिला, मजकुराकडे नंतर वळलो. नारळ फोडणारे साहेब, फीत कापणारे साहेब, टिकाव उगारून फोटोग्राफरकडे पाहणारे साहेब. सभामंडप, हायमास्ट, ओपन जिम, पेव्हर ब्लॉक, आणि बाक तर इतके की सगळा मतदारसंघ एकाच वेळी खाली बसू शकेल. पेन्सिल घेऊन मी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एक शब्द शोधला. ‘विधेयक’. तो कुठेच नव्हता.

दोष एकट्या साहेबांचा नाही. आपण त्यांच्याकडे बाकच मागतो. आमदाराला वर्षाला 5 कोटींचा स्थानिक विकास निधी मिळतो. त्यातून घेतलेल्या बाकावर नाव रंगवता येतं, कायद्यावर येत नाही. शिवाय 2022 च्या मार्चनंतर पुण्या-मुंबईच्या महापालिकांत साडेतीन वर्षांहून जास्त काळ नगरसेवकच नव्हते, प्रशासकाचा कारभार होता. गटार तुंबलं तर माणूस जाणार कुठे? आमदाराच्या कार्यालयात. त्यामुळे विधानसभेत पाठवलेला माणूस गटारापाशी उभा दिसू लागला आणि आपल्यालाही ते बरं वाटू लागलं. आता पालिका निवडणुका झाल्या आहेत. नगरसेवक परतल्यामुळे आमदारांना आमदार व्हायला थोडी सवड मिळेल, अशी माझी भाबडी समजूत आहे.

घरपट्टीचं बिल येतं महापालिकेच्या नावाने. पण महापालिकेने कोणता कर लावावा, कशाच्या आधारावर लावावा, कोणाला सूट द्यावी, याची मुभा तिला विधिमंडळाने केलेल्या कायद्यातूनच मिळते. 74 व्या घटनादुरुस्तीनंतरही हे बदललेलं नाही. उलट पालिकांच्या हातातलं कमीच झालं. जकात गेली, एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर आला आणि व्यापाऱ्यांच्या संतापात वाहून गेला. 2017 च्या 1 जुलैला जीएसटी आला आणि मुंबईतले दहिसर-मुलुंडचे जकात नाकेही थंडावले. त्या बदल्यात राज्य सरकार भरपाई पाठवतं. स्वतःच्या हाताने वसूल करायचा मोठा कर उरला तो घराचा. मग घरावरचा कर न्याय्य आहे का, हा प्रश्न आमदाराला विचारायचा नाही तर कोणाला?

पुण्यातलीच गोष्ट घ्या. आमच्या सोसायटीत तीन इमारती आहेत. पहिल्या दोन 2018 मध्ये पालिकेच्या दप्तरी लागल्या, तिसरी 2020 मध्ये. नळ एक, लिफ्टची कंपनी एक, डासही तेच. पण तिसऱ्या इमारतीतल्यांचा मिळकतकर बाकीच्यांपेक्षा चांगलाच जास्त. कारण शोधत गेलात तर थेट 1970 पर्यंत जावं लागतं. तेव्हा पालिकेने ठरवलं की जो स्वतःच्या घरात राहतो त्याला करपात्र मूल्यात 40 टक्के सवलत द्यायची. त्यामागे एक विचार होता. कराची आकारणी घराला मिळू शकणाऱ्या भाड्यावर होते, आणि स्वतःच्या घरात राहणाऱ्याला भाडं मिळतच नाही. पुढे लेखापरीक्षणात आक्षेप आला, राज्य सरकारने तो ठराव रद्द केला, आणि 2019 पासून नव्याने नोंद होणाऱ्या घरांची सवलत गेली. ओरड झाली. 2023 च्या एप्रिलमध्ये मंत्रिमंडळाने ती परत दिली, पण मिळकतदाराने ‘पीटी-3’ नावाचा अर्ज भरून आपण तिथेच राहतो हे सिद्ध करायचं. सोसायटीच्या वार्षिक सभेत त्या अर्जावर दोन तास गेले. शेवटी एक निवृत्त बँक अधिकारी उठले आणि त्यांनी फळ्यावर गणित मांडलं. हे गणित आमदाराच्या चाळीस पानांतल्या एका पानावर सहज मावलं असतं.

सवलत बरोबरच आहे, असं मी म्हणत नाही. कोथरूडच्या दोन खोल्यांत राहणाऱ्यालाही 40 टक्के आणि बंगल्यात राहणाऱ्यालाही 40 टक्के, आणि भाडेकरूच्या खिशातून मात्र मालकाचा पूर्ण कर भाड्याच्या रूपाने जाणार. मुंबईने 2022 पासून पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर पूर्ण माफ केला. लहान घराला दिलासा मिळाला, त्याचा आनंदच आहे. पण माफ झालेली रक्कम कोणाच्या तरी ताटातून वाढली जाते, हे घोषणेच्या दिवशी कोणी बोलत नाही.

खरं तर हे बोलायची सोय विधिमंडळाने करून ठेवली आहे. सरकारी विधेयकाची प्रत कधी हातात घेतली आहे? मराठीतच असते. कलमं संपली की शेवटी एक मजकूर जोडलेला असतो, त्याचं शीर्षक ‘उद्देश व कारणे यांचे निवेदन’. हा कायदा का करतो आहोत, आधी काय अडचण होती, याने काय बदलेल, हे त्यात एखाद्या-दोन पानांत सांगितलेलं असतं. तिजोरीतून खर्च होणार असेल तर पुढे वित्तीय ज्ञापन. भाषा जड असते, ‘ज्याअर्थी’ आणि ‘त्याअर्थी’ यांची रेलचेल असते, पण कारण असतं. ते कारण सभागृहातून मतदारसंघापर्यंत उचलून आणणं एवढंच आमदाराचं काम. एरवी विधेयक गदारोळात, आवाजी मतदानाने संमत होतं आणि त्याची पहिली ओळख आपल्याला वाढलेल्या बिलातून होते.

कारण सांगितलं तर लोक कर भरतात, याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. तुमची पगाराची चिठ्ठी काढा. दर महिन्याला 200 रुपये व्यवसाय कर कापलेला दिसेल, आणि फेब्रुवारीत 300. ते शंभर कशाचे, हे आमच्या कार्यालयातल्या तरुण मुलांना कोणी कधी सांगितलं नव्हतं. संविधानाने या कराला वर्षाला 2,500 रुपयांची मर्यादा घातली आहे. अकरा महिन्यांचे 2,200 होतात, उरलेले फेब्रुवारीत. पण खरी गोष्ट मर्यादेची नाही. हा कर महाराष्ट्राने 1975 मध्ये आणला तो रोजगार हमीसाठी. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यात 1965 मध्ये जिचा प्रयोग केला, 1972 च्या दुष्काळात जी राज्यभर पसरली आणि 1977 मध्ये जिचा कायदा झाला, ती योजना. शहरातल्या नोकरदाराने दरमहा काही रुपये द्यायचे आणि दुष्काळी गावातल्या मजुराने खडी फोडून, बांध घालून मजुरी घ्यायची. शहराने कुरकुर केली असेलच, पण कर कशाला जातो हे माहीत होतं. खडी फोडणाऱ्या बायकांचे फोटो घरोघरी पोचले होते. आज तोच कर चिठ्ठीवर ‘पी.टी.’ एवढ्या दोन अक्षरांत उरला आहे. शाळेच्या वेळापत्रकात कवायतीच्या तासाला लिहायचे तशी.

उलट बाजूचा दाखला त्याहून जुना. शेतकऱ्याच्या सारा-पट्टीतून आणि लोकल फंडातून सरकारची तिजोरी भरते आणि विद्या मात्र वरच्या वर्गांच्या मुलांना मिळते, ही तक्रार जोतीराव फुल्यांनी 1882 मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे मांडली आणि पुढच्या वर्षी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्येही लोकल फंडाचा हिशेब काढला. त्यांचा रोख पैशापेक्षा हिशेबावर होता. देतो कोण आणि घेतो कोण?

हाच प्रश्न पुण्याच्या वेशीवरची गावं विचारत आहेत. 2017 मध्ये अकरा आणि 2021 मध्ये तेवीस गावं पालिकेत आली. ग्रामपंचायतीची घरपट्टी जाऊन शहराचा दर टप्प्याटप्प्याने आला, पाणी मात्र टँकरनेच येत राहिलं. उरुळी देवाची आणि फुरसुंगी यांनी तर वर्षानुवर्षं शहराचा कचरा पोटात घेतला होता. शेवटी ती दोन्ही गावं पालिकेतून बाहेर पडली आणि 2024 मध्ये त्यांची वेगळी नगरपरिषद झाली. नकाशावरची रेघ बदलण्यापर्यंत एक करबिल नेऊ शकतं, हे पाहून आम्ही या अंकात त्या गावांवर एक दीर्घ लेख घेतला आहे. तो आवर्जून वाचा.

आमचंही एक रडगाणं. 2025 च्या सप्टेंबरच्या 22 तारखेपासून छपाईच्या कागदावरचा जीएसटी 12 वरून 18 टक्के झाला. मासिकावर कर शून्य, म्हणून कागदावर भरलेला कर वळताही करून घेता येत नाही. टूथपेस्ट स्वस्त झाली, कथा महाग झाली. अंकाची किंमत वाढली आहे ती त्यामुळे, हे आमच्या बाजूने उद्देश व कारणे यांचं निवेदन समजा.

आणि म्हणूनच जाहिरातींशिवाय आमचं भागत नाही. आमदारसाहेबांच्या शुभेच्छांची पानभर जाहिरात दरवर्षी येते, कमळात पणती, पणतीवर साहेब. यंदा आम्ही त्यांच्या कार्यालयाला एक प्रस्ताव दिला. अर्ध्या पानाचे पैसे नकोत. फोटो ठेवा, पण खालच्या अर्ध्या पानावर साहेबांनी या वर्षी मत दिलेल्या एका विधेयकाबद्दल आणि मतदारसंघातल्या एका कराबद्दल चार ओळी लिहाव्यात. सोप्या मराठीत. अंक छापखान्यात जायला दोन दिवस उरले असताना पी.ए.चा फोन आला. साहेबांना कल्पना फार आवडली, म्हणाले. फक्त एक विचारायचं होतं.

“कोणतं विधेयक लिहू, तेवढं तुम्हीच सुचवा ना.”