बुबुळ, अश्रू आणि लेन्स

१८८६ साली 'रे मार्केट' या नावाने सुरू झालेल्या आजच्या महात्मा फुले मंडईभोवती तुळशीबाग, बोहरी आळी, शुक्रवार पेठ, रविवार पेठ अशी व्यापारी वस्तीची दाट वीण आहे. या वस्तीतील जैन कुटुंबांच्या पेढ्यांवर आणि दुकानांत एकेकाळी चष्मा हा गादीइतकाच मानाचा असे. आजोबा चोपडीतील आकडे चष्म्याच्या वरून पाहत आणि ग्राहकाला चष्म्यातून. नातवंडांच्या पिढीने तो चष्मा कपाटात ठेवला आणि आरशापाशी दोन झाकणांची लहानशी डबी आणून ठेवली. सकाळी नऊ वाजता डोळ्यांत बसविलेली लेन्स रात्री दुकान वाढवून घरी परतल्यावर, जेवण-गप्पा आटोपून निघते. हिशेब केला तर हे रोजचे तेरा-चौदा तास होतात. या चौदा तासांत डोळ्याच्या पृष्ठभागावर काय घडते, याचा गेली चाळीस वर्षे जगभर कसून अभ्यास चालू आहे आणि त्यातील काही निष्कर्ष व्यापारी घरांनी आवर्जून समजून घ्यावेत असे आहेत.

बुबुळावरील पारदर्शक पडद्याला पारपटल म्हणतात. नेत्रदानाच्या कामामुळे 'कॉर्निया' हा शब्दही आपल्या समाजात आता सर्वांच्या परिचयाचा आहे. याची जाडी मध्यभागी सुमारे अर्धा मिलिमीटर. शरीराच्या इतर भागांना रक्तातून प्राणवायू मिळतो, परंतु पारपटलात रक्तवाहिन्या नसतात. त्या असत्या तर ते पारदर्शक राहिले नसते. म्हणून त्याला लागणारा प्राणवायू मुख्यतः बाहेरच्या हवेतून, अश्रूंच्या पातळ थरात विरघळून मिळतो. गोदाम नसलेला आणि रोजचा माल रोज आणणारा दुकानदार जसा रस्ता बंद झाला की त्याच दिवशी अडतो, तशी पारपटलाची स्थिती आहे. लेन्स म्हणजे त्या रस्त्यावर घातलेला पडदा.

हा पडदा आरंभी काचेचा होता. १८८८ साली आडोल्फ फिक या जर्मन नेत्रवैद्याने झुरिचमध्ये काचेच्या जाड लेन्सचे प्रयोग प्रसिद्ध केले. त्या काही तासांपलीकडे सहन होत नसत. मऊ लेन्सचे श्रेय चेक रसायनशास्त्रज्ञ ओटो विख्टेर्ले यांना जाते. १९६१ च्या नाताळात त्यांनी मुलांच्या खेळण्यातील लोखंडी पट्ट्या जोडून घरच्या टेबलावर यंत्र उभे केले, त्याला सायकलच्या डायनामोची जोड दिली आणि पाणी शोषणाऱ्या प्लॅस्टिकच्या पहिल्या मऊ लेन्स फिरत्या साच्यात ओतल्या. दहा वर्षांनी, १९७१ साली, अमेरिकेत अशा लेन्सच्या विक्रीस परवानगी मिळाली आणि लेन्स हा घराघरांतला विषय झाला.

त्यानंतर संशोधकांनी पहिला प्रश्न विचारला तो प्राणवायूचा. झोपेत पापण्या मिटल्या की पारपटलाला हवेतील २१ टक्के प्राणवायूऐवजी पापणीच्या आतील रक्तवाहिन्यांतून सुमारे आठ टक्क्यांइतकाच मिळतो. त्यामुळे निरोगी, लेन्स न लावणाऱ्या माणसाचे पारपटलही सकाळपर्यंत सुमारे चार टक्के सुजलेले असते आणि डोळे उघडल्यावर ती सूज ओसरते. लेन्स लावून झोपल्यास ही सूज वाढते. १९८४ साली ब्रायन होल्डन आणि जॉर्ज मर्ट्झ यांनी दिवसाच्या आणि रात्रीच्या वापरासाठी लेन्समधून किमान किती प्राणवायू आरपार गेला पाहिजे, याची मर्यादा ठरवून दिली. ती गाठण्यासाठी कारखान्यांनी पंधरा वर्षे खटपट केली आणि १९९९ च्या सुमारास सिलिकॉन हायड्रोजेल या नव्या पदार्थाच्या लेन्स बाजारात आल्या. त्यांच्यातून प्राणवायू कितीतरी पटींनी अधिक जातो. आता लेन्स लावून झोपले तरी भय नाही, अशी जाहिरातदारांचीच नव्हे, तर अनेक डॉक्टरांचीही अपेक्षा होती.

ती अपेक्षा फोल ठरली. ऑस्ट्रेलियातील फियोना स्टेपलटन आणि सहकाऱ्यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या देशव्यापी पाहणीत पारपटलाच्या जंतुसंसर्गाचे प्रमाण मोजले. साध्या मऊ लेन्स फक्त दिवसा वापरणाऱ्या दर दहा हजार व्यक्तींमागे वर्षाला सुमारे १.९ जणांना हा आजार झाला. त्याच लेन्स लावून झोपणाऱ्यांत हा आकडा १९.५ वर गेला, म्हणजे दहापट. आणि नव्या, भरपूर प्राणवायू देणाऱ्या सिलिकॉन हायड्रोजेल लेन्स लावून झोपणाऱ्यांत तो २५.४ निघाला. रोज वापरून फेकून द्यायच्या लेन्सचा आकडाही २.० होता. प्राणवायूची तूट भरून निघाली, तरी जंतूंचा धोका कमी झाला नाही. म्हणजे सारे काही प्राणवायूवर अवलंबून नव्हते. मिटल्या पापणीखाली अश्रूंचा प्रवाह थांबतो, लेन्सच्या मागचा द्रव साचून राहतो आणि जंतूंना रात्रभर बिनभाड्याची जागा मिळते.

दहा हजारांत वीस-पंचवीस हा आकडा कोणी क्षुल्लक म्हणेल. परंतु कर्जखात्यांचा ज्याने थोडाफार अभ्यास केला आहे त्याला ठाऊक असते की, बुडीत खात्यांची संख्या किती यापेक्षा एकेका खात्यात किती रक्कम अडकली आहे हे आधी पाहावे लागते. येथे अडकलेली रक्कम म्हणजे तरुण माणसाची दृष्टी. संसर्ग बरा झाला तरी व्रण मध्यभागी असेल तर पांढरा डाग उरतो. जुनी माणसे त्याला डोळ्यांत फूल पडणे म्हणतात. ते फूल औषधाने जात नाही. मग पारपटल बदलण्याची शस्त्रक्रिया आणि त्यासाठी कोणाच्या तरी घरच्यांनी दुःखाच्या घटकेला केलेले नेत्रदान, एवढाच मार्ग राहतो.

जंतुसंसर्ग विरळा; पण डोळ्यांची कुरकुर सार्वत्रिक आहे. संध्याकाळ झाली की डोळे चुरचुरतात, वाळू गेल्यासारखे वाटते आणि लेन्स कधी एकदा काढतो असे होते. २०१३ साली अश्रुपटल आणि डोळ्याचा पृष्ठभाग यांचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने या अस्वस्थतेवर सविस्तर अहवाल काढला. लेन्स वापरणाऱ्यांपैकी निम्म्यापर्यंत लोकांना हा त्रास जाणवतो आणि लेन्स सोडून देण्याचे हेच मुख्य कारण आहे, असे त्यात नमूद आहे. कारण समजण्यासाठी अश्रूंची रचना पाहावी लागते. अश्रू म्हणजे नुसते खारट पाणी नव्हे. डोळ्याला चिकटून राहणारा श्लेष्मल भाग, मधले पाणी आणि वरती पाण्याची वाफ होऊ न देणारा तेलाचा तलम थर अशी ही रचना असते, आणि सगळी मिळून तिची जाडी मिलिमीटरच्या काही हजारांशांइतकीच. लेन्स तिच्या अनेक पट जाड असते. ती या थराचे दोन तुकडे करते. वरच्या तुकड्यावर तेलाचा थर नीट पसरत नाही आणि पाणी लवकर उडून जाते. कोरड्या झालेल्या लेन्सवरून पापणीची आतली कड दिवसभर हजारो वेळा घासते आणि तिच्यावरही सूक्ष्म ओरखडे उमटतात.

हे तेल पापण्यांच्या कडेतील मायबोमियन ग्रंथी पुरवतात. २००९ साली जपानमधील रेइको अरिता आणि सहकाऱ्यांनी या ग्रंथींची छायाचित्रे घेऊन दाखविले की, लेन्स वापरणाऱ्यांत ग्रंथी आखडलेल्या अधिक आढळतात आणि वापराची वर्षे जितकी अधिक तितकी ही घट अधिक. पुढच्या सर्वच अभ्यासांत हे चित्र इतके ठळक निघाले नाही आणि नेमके कारण कोणते यावर नेत्रतज्ज्ञांत अजून चर्चा आहे. तरीही यंत्राचा घसारा दरवर्षी पुस्तकात टाकणाऱ्या घरांनी या घसाऱ्याकडे काणाडोळा करू नये. दर वर्षी नेत्रतज्ज्ञांकडून पापण्यांसह डोळ्यांचा पृष्ठभाग तपासून घ्यावा. नुसता नंबर तपासणे पुरेसे नाही.

मंडईचा परिसर तर या बाबतीत कठीण परीक्षाच घेतो. फाल्गुन-चैत्रात दुपारची हवा कोरडी होते आणि मिरची-मसाल्याची पूड, गोण्यांची धूळ, वाहनांचा धूर त्यात मिसळतो. दुकानात डोक्यावर पंखा, समोर बिलाच्या संगणकाचा पडदा. पडद्याकडे टक लावून पाहताना पापण्यांची उघडझाप बरीच कमी होते, म्हणजे तेलाचा थर पुन्हा पसरविण्याची क्रियाच मंदावते. दुचाकीवरचा वारा निराळाच. आणि अनंत चतुर्दशीला मंडईतील टिळकांच्या पुतळ्यापासून विसर्जन मिरवणूक निघते, त्या दिवशी उधळलेला गुलाल लेन्सखाली गेला तर तो डोळा चोळण्याने निघत नाही. त्या दिवशी चष्मा लावावा हे बरे.

आता पाण्याविषयी. जैन घरांत पाणी गाळून, उकळून वापरण्याची जी जयणा आहे तिचा अभिमान रास्तच आहे, पण त्यातूनच एक गैरसमज निर्माण होतो. उकळलेले पाणी निर्दोष, मग लेन्स त्यातच धुतली तर काय बिघडले? बरेच काही बिघडते. अकँथअमीबा नावाचा सूक्ष्म जीव नळाच्या, टाकीच्या, विहिरीच्या पाण्यात सहज असतो. उकळताना तो मेला तरी नंतर भांडे, हात, हवा यांतून पाणी पुन्हा दूषित होते. शिवाय साध्या पाण्यातील क्षारांचे प्रमाण अश्रूंशी जुळत नसल्याने लेन्स फुगते आणि डोळ्याला चिकटते. या अमीबाचा संसर्ग विलक्षण वेदनादायक असतो आणि उपचार महिनोन्‌महिने चालतात. पाश्चात्त्य देशांत त्याचे बहुतेक रुग्ण लेन्स वापरणारे असतात. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थेच्या संशोधकांना मात्र भारतात उलट चित्र दिसले: येथील बहुसंख्य रुग्णांनी लेन्स कधी लावलेलीच नव्हती, डोळ्याला इजा आणि दूषित पाणी हीच कारणे होती. म्हणजे आपल्याकडच्या पाण्यात हा जीव आहेच. लेन्स लावणाऱ्यांची संख्या वाढत असताना त्याला नवी वाट करून देऊ नये. लेन्स लावून आंघोळ किंवा पोहणे टाळावे आणि लेन्सची डबीही नळाखाली धुऊ नये. डबी द्रावणानेच धुवावी, पालथी घालून वाळवावी आणि दर तीन महिन्यांनी बदलावी. कालच्या द्रावणात आजचे चार थेंब घालून काम भागविणे ही काटकसर सर्वांत महाग पडते.

पौषधाचाही विचार येथे करायला हवा. पर्युषणात अनेक तरुणी आठ प्रहरांचा पौषध घेतात, उपाश्रयातच रात्र काढतात. द्रावणाची बाटली, आरसा, साबण ही सामग्री त्या नियमांत बसत नाही. मग लेन्स डोळ्यांतच राहते आणि वर सांगितलेला रात्रीचा धोका पत्करला जातो. पौषधाच्या आदल्या दिवशीच लेन्स काढून चष्मा लावावा, हा साधा उपाय घरातील वडीलधाऱ्यांनी सुचवावा. तसेच चौविहार पाळणारे काहीजण डॉक्टरांनी दिलेले थेंबही सूर्यास्तानंतर घालत नाहीत, कारण थेंबाची चव घशात उतरते. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून नाकात जाणारी नळी असल्याने हे खरेच घडते. थेंब घातल्यावर डोळा मिटून तो कोपरा एक-दोन मिनिटे बोटाने हलकेच दाबून धरला, तर घशात जाणारा अंश बराच कमी होतो. आगार कोणता ठेवावा हे महाराजसाहेबांना विचारावे; परंतु संसर्गाच्या उपचारात काही थेंब दिवसरात्र दर तासाला घालावे लागतात, हे त्यांच्या कानावर घालूनच विचारावे.

चष्म्याचा आणि लग्नाचा संबंध हा तर जुनाच विषय. मुलगी पाहण्याचा कार्यक्रम ठरला की चष्मा बाजूला पडतो, आणि लग्नाच्या दिवशी पोशाखाला साजेशा रंगीत लेन्स सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानातून किंवा ऑनलाइन मागविल्या जातात. नंबर नसला तरी अशी लेन्स ही वैद्यकीय वस्तूच आहे. अमेरिकेने २००५ साली कायदा करून तसे ठरविले. ती डोळ्याच्या मापाची हवी, आणि बहिणी-बहिणींनी आळीपाळीने वापरण्याची तर मुळीच नव्हे. चष्म्यामुळे स्थळ नाकारणाऱ्या घराविषयी अधिक काही न लिहिणे बरे.

लेन्स वाईट असे कोणतेही संशोधन म्हणत नाही. पारपटल शंकूसारखे पुढे येण्याच्या विकारात चष्म्याने जे दिसत नाही ते कडक लेन्सने स्वच्छ दिसते; कित्येक विद्यार्थ्यांचे शिक्षण त्यावर उभे राहिले आहे. दोष सवयींचा आहे. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत जवळजवळ ९९ टक्के लेन्सधारकांनी निदान एक तरी धोकादायक सवय कबूल केली. महिन्याची लेन्स तीन महिने चालविणे ही त्यांतलीच एक. महिना मोजायचा तो पाकीट उघडल्या दिवसापासून. मधले दहा दिवस लावली नाही म्हणून मुदत वाढत नाही.

डोळा लाल झाला, दुखू लागला, उजेड सहन होईना किंवा अंधूक दिसू लागले, तर लेन्स त्याच क्षणी काढावी आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा. औषधाच्या दुकानातून स्वतःच्या मनाने थेंब आणू नयेत. स्टिरॉइड असलेल्या थेंबांनी लाली उतरते आणि आत जंतू फोफावतात. काढलेली लेन्स, डबी आणि द्रावणाची बाटली फेकून न देता पिशवीत घालून सोबत न्यावी. जंतू कोणता हे शोधण्यासाठी प्रयोगशाळेला डोळ्याच्या नमुन्याइतकाच डबीतल्या थेंबाचाही उपयोग होतो, आणि योग्य औषध एक दिवस आधी सुरू होते.