तेहतीस पौंड आणि साडेबारा हजार रँड



बडी कंपनी धाकट्या कंपनीला गिळायला निघाली की पेपरवाले कसं लिहितात ते एकदा नीट वाचा. हल्ला, वेढा, झुंज, स्वातंत्र्य. वाटावं, चवदार तळ्याचाच संगर चाललाय. धाकटी कंपनी बिचारी गरीब गाय, बडी म्हंजे राक्षस. मग आपल्यातलाच एखादा शिकलेला पोरगा कटिंग चहा पीत म्हणतो, ‘आपण छोट्याच्या बाजूनं उभं राह्यला पायजे राव.’ परवा असंच झालं, म्हणून लिहायला बसलो.

त्या पोराला मारिकाना सांगायचं राहून गेलं, ते इथं सांगतो.

दक्षिण आफ्रिकेत रस्टेनबर्ग शहराजवळ मारिकाना आहे. खाली जमिनीच्या पोटात प्लॅटिनम. मोटारीचा धूर गाळायला हा धातू लागतो आणि श्रीमंतांच्या बोटातल्या अंगठ्यांना लागतो. तिथल्या खाणी लॉनमिन कंपनीच्या होत्या. हिचं जुनं नाव लोनऱ्हो. 1909 साली लंडनमध्ये जन्मली ती ऱ्होडेशियातल्या काळ्यांच्या जमिनी आणि खाणी ओरबाडायलाच. 1973 साली इंग्लंडच्या पंतप्रधानाला, तेही हुजूर पक्षाच्या एडवर्ड हीथला, हिचे धंदे बघून पार्लमेंटात बोलावं लागलं की भांडवलशाहीचा हा चेहरा ओंगळ आहे. चेहरा धुतला नाही, 1999 साली नाव मात्र बदललं.

ऑगस्ट 2008 मध्ये एक्स्ट्राटा नावाची बडी खाण कंपनी लॉनमिनवर चालून आली. एका शेअरला 33 पौंड रोख, सगळे मिळून 5 अब्ज पौंडांच्या घरात. लॉनमिन प्लॅटिनममध्ये जगात तिसरी, पण एक्स्ट्राटापुढे पोरच. बोर्डानं नकार दिला. म्हणे, भाव कमी आहे, आमची किंमत यापेक्षा जास्त आहे. बोर्डाच्या झुंजीतलं ‘स्वातंत्र्य’ ते एवढंच. कुणी म्हणालं नाही की खाली हजारो माणसं दगड फोडतायत, त्यांना विचारू. शेअर ज्याचा, मत त्याचं. पाताळात उतरणाऱ्याचं मत कुठल्या कागदावर लिहायचं? तसा रकानाच नसतो.

पुढं जगाचा बाजारच कोसळला. ऑक्टोबर 2008 मध्ये एक्स्ट्राटानं माघार घेतली, पण तोवर लॉनमिनचे पावभर शेअर खिशात घातले होते. प्लॅटिनमचा भाव निम्म्याच्याही खाली घसरला. ज्या शेअरला 33 पौंड कमी वाटले होते, तो वर्ष सरायच्या आत 10 पौंडांच्याही खाली गेला. बोर्ड जिंकलं. आणि जिंकलेल्या बोर्डानं पैसा वाचवायला हजारो कामगारांना घरी बसवलं.

मी डॉकात काम करतो. आमच्या शेडवर ठेकेदाराची पाटी तीनदा बदललेली मी बघितली. दर वेळेला मुकादम सांगायचा, नवा मालक चांगला आहे, किंवा जुनाच बरा होता. टोळी तीच, पाठ तीच, गोणी तीच. जुन्या मालकाकडचं ओव्हरटाइमचं येणं नवा देत नाही. तो म्हणतो, ते त्याला विचार. जुना सापडत नाही. म्हणून कंपन्यांची लढाई वाचली की मला आधी पाटी रंगवणारा आठवतो. त्याला तरी रोख मिळतात.

पण मला लिहायचंय ते 2012 चं.

10 ऑगस्टला लॉनमिनच्या खाणीत खडकात ड्रिल मारणाऱ्यांनी काम बंद केलं. मागणी एकच, महिना 12,500 रँड. हिशेब करा. त्या वेळच्या दरानं हे साधारण 1,500 डॉलर. प्लॅटिनमच्या एका औंसाचा, म्हंजे 31 ग्रॅमचा, भावही तेव्हा 1,400 डॉलरच्या वर होता. महिनाभर पाताळात ड्रिल धरून थरथरायचं आणि त्याबदल्यात मुठीत मावेल एवढ्या धातूचा भाव मागायचा. तेवढाही जास्त ठरला.

ही माणसं राहायची कुठं? खाणीच्या कडेला पत्र्याच्या झोपड्यांत. कंपनीनं सरकारला लिहून दिलं होतं की 2011 पर्यंत 5,500 घरं बांधू. बांधली तीन. छापखान्याची चूक नाही, तीनच. तीही नमुना म्हणून दाखवायला. एक्स्ट्राटाशी लढून जे ‘स्वातंत्र्य’ राखलं, त्यातून कामगाराला मिळालेली घरं ही एवढी.

त्या आठवड्यात दहा माणसं मेली. त्यांत दोन पोलीस होते, दोन कंपनीचे रखवालदार. हे मी लपवत नाही. मग 16 ऑगस्टला वंडरकॉपच्या टेकडीपाशी पोलिसांनी गोळ्या घातल्या. 34 ठार. सतरा कॅमेऱ्यांसमोर आणि सतरा थोड्या अंतरावरच्या खडकांत, जिथं कॅमेरे नव्हते. पकडलेल्या 270 कामगारांवर आपल्याच साथींच्या खुनाचा आरोप ठेवला, वर्णद्वेषी राजवटीच्या काळातलं कलम काढून! बोंबाबोंब झाली तेव्हा मागं घेतला.

आता त्या चहावाल्या पोराला विचारायचा सवाल. गोळ्या घालणारं सरकार गोऱ्यांचं होतं का? मंडेलाच्या पक्षाचं होतं. आणि लॉनमिनच्या बोर्डावर तेव्हा कोण बसलं होतं? सिरिल रामाफोसा.

हे नाव लक्षात ठेवा. 1982 साली काळ्या खाणकामगारांची युनियन उभी केली तो हा. 1987 साली दोन-तीन लाख खाणकामगारांचा तीन आठवड्यांचा संप चालवला तो हा. त्या संपात मालकांनी पन्नास हजारांच्या आसपास माणसं कामावरून काढली, तरी त्याचं नाव घेतलं की खाणीत आरोळी उठायची. पुढं स्वातंत्र्य आलं, कायदा आला की खाण कंपन्यांत काळ्यांचा हिस्सा पाहिजे. कायदा चांगलाच. पण हिस्सा कुणाला मिळाला? 2010 साली याच्या कंपनीनं लॉनमिनमधला काळ्यांसाठीचा वाटा उचलला, आणि तोही लॉनमिननंच दिलेल्या कर्जावर. म्हंजे मालकानंच पैसे दिले की बाबा घे, आणि आमचा हो.

गोळीबाराच्या आदल्या दिवशी यानं ई-मेल लिहिले. हा पगाराचा झगडा नाही, गुन्हेगारी आहे, तसंच तिला म्हणा आणि तशी कारवाई करा, असा त्यांचा अर्थ. चौकशी आयोगानं त्याला दोषी धरलं नाही. 2017 साली त्यानं आपल्या शब्दांबद्दल माफी मागितली, 2018 साली राष्ट्राध्यक्ष झाला. त्याच 2012 च्या एप्रिलमध्ये, गोळीबाराच्या चार महिने आधी, यानं लिलावात एका रानम्हशीवर 1 कोटी 80 लाख रँडची बोली लावली होती. ड्रिल मारणाऱ्यानं मागितलेला पगार धरला तर ती 120 वर्षांची कमाई होते. म्हैस मिळाली नाही. तिचीही त्यानं माफी मागितली होती.

हे सगळं लांबचं म्हणून सोडू नका. आपल्याकडंही हल्ली नवी टूम आहे. नोकरी मागणारे होऊ नका, देणारे व्हा. आपला माणूस शेअरबाजारात गेला, बोर्डावर बसला की जात मरेल, शोषण मरेल. मी म्हणतो, जाऊ द्या, जरूर जाऊ द्या, त्यांच्या बंगल्यांवर आपली नजर नाही. पण उद्या ड्रिल मारणाऱ्या आपल्याच भावानं काम बंद केलं तर हा बोर्डावरचा भाऊ फोन कुणाला करणार? ते आज विचारा. बाबासाहेबांनी 1938 साली मनमाडला रेल्वेच्या दलित कामगारांसमोर दोन शत्रू सांगितले होते, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. आपले काही लोक पहिल्याचं नाव घेताना गळा फाडतात आणि दुसऱ्याच्या दारात व्हिजिटिंग कार्ड घेऊन उभे असतात. पँथर 1972 ला निघाली, 1974 ला फुटली, पुढं कोण कुठल्या पक्षाच्या गाडीत बसलं हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. गाडीचं दार बाहेरून उघडत नाही, एवढं मी बघितलंय.

संप सहा आठवडे चालला आणि कामगारांनी 22 टक्क्यांपर्यंत वाढ वसूल केली. 34 मढी पडल्यावरही ते संपावरून हटले नाहीत, हे आधी लिहायला हवं होतं.

आणि कंपन्यांची ती लढाई? नोव्हेंबर 2012 मध्ये, रक्त सुकून तीन महिने झाले नव्हते, एक्स्ट्राटानं पुन्हा ताबा मागितला. लॉनमिन पुन्हा नाही म्हणाली, पुन्हा स्वतंत्र राहिली. 2013 साली खुद्द एक्स्ट्राटाला ग्लेनकोरनं गिळलं. 2019 साली लॉनमिनला सिबान्ये-स्टिलवॉटरनं गिळलं. सौदा ठरला तेव्हा किंमत 28 कोटी 50 लाख पौंड. अकरा वर्षांपूर्वी 500 कोटींना ‘कमी’ म्हणणारी हीच कंपनी. नव्या मालकानं सौद्याबरोबरच सांगून टाकलं होतं की तीन वर्षांत 12,600 माणसं कमी होतील.

मेलेल्यांच्या काही बायका नवऱ्याच्या जागी त्याच खाणीत कामाला लागल्या. लांबून आलेल्या, गावाकडं पोरं सोडून. खाणीवरची पाटी बदलली. त्यांची पाळी सकाळचीच राहिली.