शेताची नोंद शेतकऱ्यापाशींच असावी

हल्लीं पुष्कळ शेतकरी बंधूंचीं मुलें आर्डुइनोसारखा मायक्रोकंट्रोलरचा लहानसा बोर्ड आणून त्यास तपमान, आर्द्रता व जमिनीची ओल मोजणारे सेन्सर जोडूं लागलीं आहेत. हा छंद स्तुत्य होय. परंतु आंकडे मोबाइलवर दिसले म्हणजे काम झालें, असा जो समज आढळतो, तो आम्हांस मान्य नाहीं. रेंज गेली कीं तो दिवस कोरा. आणि आंकडे सांठविणाऱ्या कंपनीनें दुकान गुंडाळलें कीं सारें वर्षच कोरें. आंकडे पाठवावयाचे तर खुशाल पाठवावे. अस्सल प्रत मात्र बोर्डास जोडलेल्या मेमरी कार्डावर, आपल्याच बांधावर लिहिली जावी.

यांत केवळ हौस नाहीं. २०१६ सालीं सुरू झालेल्या पुनर्रचित हवामान आधारित फळपीक विमा योजनेंत भरपाई ठरते ती बागेंत काय झालें यावर नव्हे, तर नेमलेल्या हवामान केंद्रांत काय नोंदलें गेलें यावर. तें केंद्र महसूल मंडळाचें. मंडळांत गांवें अनेक, आणि वळीव कांहीं शीव पाहून पडत नाहीं. घरच्या नोंदीवर भरपाई मिळत नाहीं, हें आम्ही जाणतों. तथापि अर्जांत "आमच्याकडे थंडी फार होती" असें मोघम लिहिणें निराळें, आणि दर दहा मिनिटांचें तारीखवार पत्रक सोबत जोडणें निराळें. मोघम अर्जावर "दप्तरीं दाखल" असा शेरा पडतो. तो आम्हीं नोकरींत असंख्य वेळां पाहिला आहे.

मात्र नोंद विश्वासास पात्र हवी. साध्या बोर्डास तारीख ठाऊक नसते; वीज जाऊन आली कीं तो शून्यापासून मोजूं लागतो. यास्तव नाण्याएवढ्या बॅटरीवर चालणारें डीएस ३२३१ जातीचें घड्याळ अवश्य जोडावें. दुसरें असें कीं, लिहावयाची ओळ तत्काळ कार्डावर उतरत नाहीं. ५१२ बाइटांचा खण भरेपर्यंत ती बोर्डाच्या स्मरणांत राहते, आणि फाइल बंद होईपर्यंत तिच्या लांबीची नोंदही कार्डावर होत नाहीं. मध्येंच वीज गेली म्हणजे लिहिलेलेंही हातचें जातें. दहा मिनिटांस एक ओळ लिहावयाची असतां दर वेळीं फाइल बंद करण्यांत कसलाही तोटा नाहीं. कार्ड ३.३ व्होल्टचें असतें. ५ व्होल्टच्या बोर्डास तें थेट जोडूं नये.

आतां ज्या खोडीचा आम्हांस विशेष तिटकारा आहे ती सांगतों. डीएस १८बी२० या सेन्सरची तार तुटली तर नेहमीची लायब्ररी उणे १२७ अंश दाखविते. वीज येतांच मोजणी होण्यापूर्वीं वाचलें तर ८५ अंश येतात. असे आंकडे पुसून त्या जागीं आगचीमागची सरासरी भरावी, म्हणजे आलेख सुबक दिसतो, असें कित्येक मुलें करितात. ही खोटी नोंद होय. चावडींत बसून लिहिलेली पीकपाहणी आम्ही कागद पाहतांच ओळखीत असूं. तिच्यांत एकही रकाना रिकामा नसे! बिघडलेला आंकडा होता तसाच राहूं द्यावा व शेजारीं "तार तुटली" असा शेरा मारावा.

जागेची चिंता नको. तीस अक्षरांची ओळ दिवसांत १४४ वेळां लिहिली तरी वर्षाचे सोळा लाख बाइट होत नाहींत. चार जीबीचें कार्ड भरावयाचें नाहीं, त्याआधीं तें बिघडेल. म्हणून दर महिन्याच्या पहिल्या तारखेस बोर्डाची वीज बंद करून कार्ड काढावें व घरच्या संगणकावर नक्कल ठेवावी. प्रत्येक फाइलच्या पहिल्या ओळींत गट क्रमांक, सेन्सर जमिनीपासून किती उंचीवर आहे तें, आणि तो सावलींत आहे कीं उन्हांत, एवढें लिहिलेलें असावें.