चिंपांझीणीचा कडू काढा

साप चावला की मुंगूस रानात जाते, कसलीशी मुळी खाते आणि पुन्हा लढायला उभे राहते, ही गोष्ट आपण सर्वांनीच लहानपणी ऐकलेली असते. गोष्ट छान आहे, पण खरी नाही. नागाचे विष स्नायूंवरच्या ज्या जागी चिकटून ते लुळे पाडते, त्या जागेची घडणच मुंगसात निराळी असते. तिथे विषाला नीट पकड मिळत नाही. मुळीचा काही संबंध नाही.

मग रानातली जनावरे औषध घेतच नाहीत की काय? घेतात. टांझानियात टांगानिका सरोवराच्या काठी महाले पर्वताचे जंगल आहे. १९८७ साली मायकेल हफमन हे संशोधक तिथे चिंपांझींच्या मागावर होते. सोबत मोहमेदी सैफू कालुंदे होते. हे टोंग्वे जमातीचे, झाडपाल्याचे जाणकार वैद्य. चाउसिकू नावाची एक लेकुरवाळी मादी त्या दिवशी अंग टाकून पडली होती. भर दिवसा सारखी आडवी. मध्येच ती उठली आणि एका झुडपापाशी गेली. कोवळी फांदी मोडून तिने साल आणि पाने सोलून टाकली, आतला गाभा चघळून रस गिळला आणि चोथा थुंकून दिला.

हे झुडूप अतिशय कडू. धडधाकट चिंपांझी सहसा त्याच्या वाटेला जात नाहीत. कालुंदे यांनी मात्र ते लगेच ओळखले. पोटदुखी, जंत आणि तापावर टोंग्वे लोक हेच झुडूप वापरतात. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चाउसिकू पुन्हा हिंडू-खाऊ लागली होती.

आता कोणी म्हणेल, ती आपोआपच बरी झाली असेल. शंका रास्त आहे. म्हणून पुढे अशाच एका आजारी मादीची विष्ठा तपासली गेली. आधी एका ग्रॅममागे जंतांची १३० अंडी होती, गाभा चघळल्यावर वीस तासांनी ती १५ वर आली. रासायनिक तपासणीत आणखी एक गोष्ट कळली. या झुडपाच्या पानांत आणि सालीत विषारी घटक जास्त असतात. चिंपांझी नेमके तेच सोलून फेकतात! आईने टाकलेला चोथा पिल्ले चाखून पाहतात, तेव्हा हे शिक्षण बहुधा असेच पुढे जात असावे.

जखमेवर लेप लावणाराही सापडला आहे. सुमात्रा बेटावरील राकुस या ओरांगउटान नराच्या उजव्या डोळ्याखाली जून २०२२मध्ये जखम झाली. तीन दिवसांनी त्याने एका औषधी वेलीची पाने चघळून रस जखमेवर पुनःपुन्हा लावला, मग चघळलेल्या पानांनी ती झाकली. पुढच्या पाच दिवसांत जखम मिटली.

कालुंदे यांना मात्र यात नवल वाटले नसावे. त्यांच्या घराण्यात एक हकिकत सांगितली जाई. रक्ती आव झालेल्या एका साळिंदराला त्यांच्या आजोबांनी एक मुळी उकरून खाताना पाहिले. साळिंदर बरे झाले. गावातही तेव्हा तसाच आजार पसरला होता. आजोबांनी तीच मुळी लोकांना दिली, आणि तेव्हापासून ती टोंग्वेंच्या औषधांत आली.