लस पुण्याची, नियम लंडनचा

कोरोनाच्या काळातले परदेश प्रवासाचे नियम आता फारसे कुणाला आठवत नाहीत. ७२ तासांच्या आतला आरटी-पीसीआर रिपोर्ट, लशीचे प्रमाणपत्र, दहा दिवसांचे विलगीकरण, हे सगळे मोबाइलच्या कुठल्यातरी कोपऱ्यात पडून आहे. तरीही सप्टेंबर-ऑक्टोबर २०२१ मधले ब्रिटनचे प्रकरण विसरण्यासारखे नाही. पुण्यात तयार झालेल्या कोविशील्डचे दोन्ही डोस घेतलेल्या भारतीयांना त्या बेटावरच्या सरकारने ‘लस न घेतलेले’ ठरवले होते. साऱ्या देशाला राग आला आणि तो रास्त होता. मात्र त्या रागाच्या भरात आपण एक चांगले तत्त्व मांडले होते. ते तत्त्व आपण स्वतःच्या दारात किती पाळतो, याबद्दल मला बोलायचे आहे.

आधी घटनाक्रम सांगतो. दुसरी लाट ऐन भरात असताना, २३ एप्रिल २०२१ रोजी ब्रिटनने भारताला ‘लाल यादी’त टाकले. ब्रिटिश आणि आयरिश नागरिक आणि तिथे राहण्याचा हक्क असलेले लोक सोडून इतरांना प्रवेश बंद झाला. ज्यांना प्रवेश होता, त्यांनाही सरकारने ठरवलेल्या हॉटेलात स्वखर्चाने दहा दिवस काढावे लागत. आपल्याकडे तेव्हा ऑक्सिजनसाठी धावाधाव चालली होती. त्यामुळे या नियमाबद्दल तक्रार करण्याचे कारण नव्हते. ८ ऑगस्टला भारत लाल यादीतून बाहेर आला.

मग १७ सप्टेंबरला ब्रिटनने नवे नियम जाहीर केले. ते ४ ऑक्टोबरपासून लागू होणार होते. ब्रिटन, युरोप आणि अमेरिकेत लस घेतलेल्यांना विलगीकरणातून सूट होती. त्याशिवाय ऑस्ट्रेलिया, जपान, सिंगापूर, मलेशिया, सौदी अरेबिया, कतार, बहरीन, बार्बाडोस अशा आणखी काही देशांतली प्रमाणपत्रेही चालणार होती. या यादीत भारत नव्हता. म्हणजे कोविशील्डचे दोन डोस घेतलेला माणूस दिल्लीहून वा मुंबईहून लंडनला उतरला, तर निघण्यापूर्वी एक चाचणी, दुसऱ्या आणि आठव्या दिवशी आणखी दोन आणि दहा दिवस घरात कोंडून घेणे त्याच्या नशिबी होते. सप्टेंबर-ऑक्टोबर म्हणजे तिथल्या विद्यापीठांचे वर्ष सुरू होण्याचा काळ. कर्ज काढून शिकायला निघालेल्या मुलांना हा फटका किती मोठा होता, हे वेगळे सांगायला नको.

आता ही लस कोणती होती? ऑक्सफर्ड विद्यापीठ आणि ॲस्ट्राझेनेका कंपनीने विकसित केलेलीच. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने ती ‘कोविशील्ड’ या नावाने बनवली. एवढेच नव्हे, तर मार्च २०२१ मध्ये सीरमने तयार केलेले सुमारे ५० लाख डोस खुद्द ब्रिटनमध्ये पोहोचले होते आणि तिथल्या लोकांच्या दंडात गेलेही होते. लस पुण्याची आणि दंड लंडनचा असेल तर माणूस सुरक्षित. लस पुण्याची आणि दंडही पुण्याचा असेल तर माणूस धोकादायक. हे गणित माझ्या सातवीच्या मुलांनाही पटले नसते.

या गोष्टीला एक पूर्वरंगही आहे. जुलै २०२१ मध्ये ब्रिटनच्या एका ज्येष्ठ दांपत्याला मँचेस्टर विमानतळावर माल्टाच्या विमानात चढू दिले नव्हते. माल्टा हाही बेटावरचा देश. कारण काय, तर त्या दोघांना मिळालेले डोस भारतात बनलेले होते आणि त्या बॅचला युरोपीय यंत्रणेची मंजुरी नव्हती. तेव्हा ब्रिटनला हे अन्यायाचे वाटले. आमच्या यंत्रणेने मान्य केलेली लस इतरांनी का नाकारावी, असाच पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांचा सूर होता. दोनच महिन्यांत त्यांच्याच सरकारने भारतीयांच्या बाबतीत तेच केले. आपल्याला लागलेली ठेच दुसऱ्याला लागताना दिसत नाही, हा सत्तेचा जुना आजार आहे.

भारताने निषेध केला. परराष्ट्र सचिवांनी या धोरणाला भेदभाव करणारे म्हटले. परराष्ट्रमंत्र्यांनी न्यूयॉर्कमध्ये ब्रिटनच्या परराष्ट्रमंत्र्यांपुढे हा विषय काढला. शशी थरूर यांनी केंब्रिजमधला आपला कार्यक्रम सोडला. विरोधक आणि सरकार एका सुरात बोलले, असे प्रसंग हल्ली दुर्मीळच. २२ सप्टेंबरला ब्रिटनने कोविशील्डचे नाव मान्यताप्राप्त लशींत घातले, पण भारताचे नाव देशांच्या यादीत काही आले नाही. आता म्हणे अडचण लशीची नव्हती, प्रमाणपत्राची होती! कोविनच्या प्रमाणपत्रावर पूर्ण जन्मतारीख नव्हती, हा त्यातला एक मुद्दा होता. आपल्या सरकारने तीही सोय करून दिली.

जन्मतारखेचा हा मुद्दा वाचून आमच्या स्टाफरूममध्ये बरीच मजा झाली होती. मराठवाड्यातल्या शाळांचे जनरल रजिस्टर ज्यांनी पाहिले आहे, त्यांना कारण माहीत आहे. एकेका पिढीत अर्धा वर्ग १ जूनला जन्मलेला! आईवडिलांना तारीख आठवायची नाही, गुरुजी शाळा सुरू होण्याच्या हिशेबाने १ जून टाकून मोकळे व्हायचे. नावांची तऱ्हा त्याहून वेगळी. एकाच घरात एक भाऊ शेख, दुसरा शैख. दाखल्यावर मोहम्मद, आधारवर मो., पासपोर्टवर इंग्रजीतले तिसरेच स्पेलिंग. जून २०२१ मध्ये शिक्षण वा नोकरीसाठी परदेशी जाणाऱ्यांच्या प्रमाणपत्रावर पासपोर्ट क्रमांक घालण्याची सोय झाली, तेव्हा या एकेका अक्षराने किती जणांना घाम फोडला असेल! कागद तपासणारा मनात संशय घेऊन बसला असेल, तर त्याला चूक सापडतेच. आणि गरिबाच्या कागदात ती लवकर सापडते.

अखेर १ ऑक्टोबरला भारताने जशास तसे उत्तर दिले. ४ ऑक्टोबरपासून ब्रिटनहून येणाऱ्या प्रत्येक ब्रिटिश नागरिकाला, लस घेतलेली असो वा नसो, चाचण्या आणि दहा दिवसांचे विलगीकरण सक्तीचे झाले. आठवडाभरात लंडन नरमले. ११ ऑक्टोबरपासून कोविशील्डचे दोन डोस घेतलेल्या भारतीयांना सूट मिळाली आणि भारतानेही आपला नियम मागे घेतला. कोव्हॅक्सिन घेतलेल्यांना मात्र २२ नोव्हेंबरपर्यंत थांबावे लागले. आपल्याकडे हा विजय म्हणून साजरा झाला. पण एक गोष्ट नमूद केली पाहिजे. आपले उत्तरही आजाराशी संबंधित नव्हते. लस घेतलेल्या ब्रिटिश प्रवाशाला कोंडून ठेवल्याने इथे एकही रुग्ण कमी होणार नव्हता. तो मुत्सद्देगिरीचा डाव होता आणि त्यात दोन्हीकडचा साधा प्रवासी भरडला गेला.

कुणी म्हणेल, आपल्या देशात कुणाला घ्यायचे हे ठरवण्याचा अधिकार प्रत्येक देशाला असतो, त्यातून बेटावरच्या देशाला तर दरवाजा बंद करणे सोपे आणि शहाणपणाचेही. हे खरे आहे. न्यूझीलंडचेच पाहा. त्यांनी मार्च २०२० मध्येच सीमा बंद केल्या. एप्रिल २०२१ मध्ये भारतातून येणाऱ्या आपल्या स्वतःच्या नागरिकांनाही त्यांनी काही काळ मज्जाव केला. हा नियम फार कठोर होता. आईच्या मयतीला आलेला माणूस आपल्याच घरी परतू शकत नव्हता. पण त्या नियमाने प्रश्न एकच विचारला: जिथे साथ भडकली आहे तिथून तुम्ही येताय का? उत्तर ‘हो’ असेल तर गोरा असो वा सावळा, नागरिक असो वा पाहुणा, सगळ्यांना एकच न्याय. ब्रिटनच्या नियमात हे नव्हते. सप्टेंबर २०२१ मध्ये दोन्ही देशांत रोजचे नवे रुग्ण साधारण तीस हजारांच्या आसपास होते आणि भारताची लोकसंख्या त्यांच्या वीसपट. धोका मोजून नियम केला असता, तर तो असा झालाच नसता.

इथे आपल्या परंपरेतली एक गोष्ट आठवते. प्लेगबद्दलची प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण लॉकडाऊनमध्ये मशिदींच्या फलकांपासून व्हॉट्सॲपपर्यंत सगळीकडे फिरत होती. साथ असलेल्या भूमीत जाऊ नका आणि तुम्ही तिथे असाल तर बाहेर पडू नका, असा तिचा आशय. खलिफा हजरत उमर (र.) याच कारणाने शामच्या वाटेवरून परत फिरले होते. या शिकवणीत बंधन भूमीवर आहे, माणसाच्या वंशावर किंवा कबिल्यावर नाही. आणि ते दोन्ही बाजूंनी आहे: आत जाणाऱ्यावरही, बाहेर पडणाऱ्यावरही.

आधुनिक कायदाही याहून वेगळे सांगत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००५ च्या आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांनुसार असे उपाय धोक्याच्या प्रमाणात आणि भेदभावाशिवाय लागू करायचे असतात. याचे चालते उदाहरण म्हणजे पीतज्वर. ही साथ असलेल्या आफ्रिकी किंवा दक्षिण अमेरिकी देशातून येणाऱ्याकडे भारत त्या लशीचे पिवळे कार्ड मागतो. नसेल तर विलगीकरण. परत येणारा भारतीय असला तरी सुटका नाही. कार्ड नायजेरियात मिळाले की मुंबईत, याने फरक पडत नाही. संघटनेने मान्य केलेली लस आणि अधिकृत केंद्राचा शिक्का पुरेसा. कोरोनात असे एक सर्वमान्य कार्ड जगाला वेळेत बनवता आले नाही. म्हणून प्रत्येक देशाने आपापली यादी केली आणि यादीत ओळखीच्यांची नावे आधी आली.

आता आपल्या दाराकडे येऊ. मार्च २०२० मध्ये निजामुद्दीन मरकजचे प्रकरण झाले. २ एप्रिलला केंद्र सरकारने तबलिगी जमातीशी संबंधित ९६० परदेशी नागरिकांचे व्हिसा रद्द करून त्यांना काळ्या यादीत टाकले. आपल्या शेजारच्या अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यातही परदेशी पाहुण्यांवर गुन्हे दाखल झाले. ते आयव्हरी कोस्ट, घाना, टांझानिया, जिबूती, बेनिन आणि हजारो बेटांच्या इंडोनेशियाहून आले होते. भारत सरकारनेच दिलेल्या व्हिसावर आले होते. हे प्रकरण आपल्या शहरातल्या खंडपीठापुढे चालले. २१ ऑगस्ट २०२० रोजी न्या. टी. व्ही. नलावडे आणि न्या. एम. जी. शेवलीकर यांच्या पीठाने २९ परदेशी नागरिकांवरचे गुन्हे रद्द केले. धार्मिक स्थळांना भेट देण्याला आणि प्रवचन ऐकण्याला व्हिसाच्या नियमांत बंदी नव्हती, असे निकालात नोंदवले गेले. साथीच्या काळात बळीचे बकरे शोधले जातात आणि या परदेशी लोकांची तशी निवड झाली असावी, असेही न्या. नलावडे यांनी लिहिले. न्या. शेवलीकर यांनी निकालाशी सहमत होताना काही निरीक्षणांबाबत आपले मत वेगळे असल्याचे नोंदवले, हेही सांगितले पाहिजे. पण गुन्हे टिकत नाहीत, यावर दोघांचे एकमत होते.

ब्रिटनच्या दारात अडलेल्या भारतीयाच्या पाठीशी एक बलाढ्य सरकार होते, संसदेतले सगळे पक्ष होते, वाहिन्या होत्या. इथे अडकलेल्या त्या आफ्रिकी आणि इंडोनेशियन पाहुण्यांच्या पाठीशी काही वकील आणि एक न्यायालय एवढेच होते. वाहिन्या तर उलट बाजूला होत्या. त्याच दिवसांत देशात ठिकठिकाणी वसाहतींच्या फाटकावर भाजीवाल्याला आधी नाव विचारले जात होते. मास्क लावलाय का, ताप आहे का, हे प्रश्न नंतर. ते फाटक आणि लंडनचा विमानतळ यांत मला फरक दिसत नाही. दोन्हीकडे आजाराच्या नावाखाली ओळख तपासली जात होती.

याचा अर्थ नियमच नकोत असा नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये आपल्या जिल्हा प्रशासनाने किमान एक डोस घेतल्याशिवाय रेशन, गॅस आणि पेट्रोल मिळणार नाही, असा आदेश काढला होता. जिल्हा लसीकरणात मागे पडला होता आणि आपल्या मोहल्ल्यांतली टाळाटाळ हेही त्याचे एक कारण होते, हे मान्य करायला हवे. रेशनसारखी गोष्ट अडवणे मला पटले नाही. भुकेची सांगड सुईशी घालू नये. पण त्या आदेशात प्रश्न लशीचा होता, नावाचा नव्हता. सिडकोतल्या दुचाकीवाल्याला आणि शहागंजमधल्या रिक्षावाल्याला पंपावर एकच गोष्ट विचारली जाणार होती. अशा नियमाशी भांडता येते, वाद घालता येतो. नाव पाहून लावलेल्या नियमाशी वाद कसा घालणार? तिथे दाखवायला कुठला कागदच पुरत नाही.

पुढची साथ कधी येईल सांगता येत नाही, पण ती आली की दरवाजे पुन्हा बंद होतील आणि दारावर पुन्हा कुणीतरी कागद मागेल. तेव्हा त्या नियमाला आपण सगळ्यांनी, हिंदूंनी आणि मुसलमानांनी, एकच प्रश्न विचारावा: तू आजार शोधतोयस की माणूस? २०२१ मध्ये लंडनला हा प्रश्न विचारण्याचा आपल्याला पूर्ण हक्क होता. तोच प्रश्न दिल्लीला, मुंबईला आणि आपल्या गल्लीच्या फाटकाला विचारला, तरच तो हक्क खरा ठरेल.