मुलींच्या मानाने

"मुलींच्या मानाने बरं वाजवता!"

जून मिलिंग्टन या गिटारवादक बाईला आणि तिच्या बँडमधल्या मैत्रिणींना १९७० च्या आगेमागे अमेरिकेत मिळणारी ही हमखास शाबासकी. मूळ इंग्रजीत 'मुली'साठी जो शब्द होता तो कोंबडीच्या पिल्लाचा. देणारा ती खुशीतच देई, आपण कौतुक करतो आहोत असंच त्याला वाटे. त्याआधी काही दशकं, सिस्टर रोझेटा थार्प या काळ्या गायिकेच्या इलेक्ट्रिक गिटारीची वाहवा "अगदी पुरुषासारखी वाजवते" अशी होत असे. म्हणजे बाई बरी वाजवू लागली तर ती मुलींच्या मानाने, आणि फारच चांगली वाजवू लागली तर ती बाईच उरत नाही. चांगली वाजवणारी बाई, अशी जागाच या मोजपट्टीवर नाही.

आठ मार्चच्या पुरवण्यांमध्ये अशा बाईची गोष्ट कशी छापली जाते ते आपल्याला पाठ आहे. संकटं आली, जिद्द होती, ती जिंकली; शेवटी चौकटीत 'तरुणींना सल्ला': आत्मविश्वास ठेवा, सराव करा, स्वप्नं पाहा. मला या चौकटीचा राग येतो. जूनच्या आयुष्यात जिद्द होतीच, पण नुसत्या जिद्दीने काय होतं आणि काय होत नाही, हेही तिच्याच आयुष्यात लख्ख दिसतं.

तिचा जन्म १९४८ चा, मनिलातला. आई फिलिपिनो, वडील अमेरिकन नौदलातले. ती आणि धाकटी बहीण जीन लहानपणी उकुलेले, म्हणजे चार तारांचं गिटारीसारखं छोटं वाद्य, वाजवत. शाळेत एका मुलीला गिटार वाजवताना तिने ऐकलं आणि ती खिळून राहिली. तेराव्या वाढदिवसाला आईने तिला एक छोटी, हाताने घडवलेली गिटार दिली. त्याच वर्षी, १९६१ साली, कुटुंब कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोला आलं. तिथे या दोघी गव्हाळ वर्णाच्या, परक्या, कुठल्याच घोळक्यात न बसणाऱ्या. गाणं हीच ओळख करून घ्यायची वाट.

तुमच्यावर कुणाचा प्रभाव पडला, असं वादकाला विचारतात तेव्हा उत्तरात थोर पुरुषांची नावं अपेक्षित असतात. रेडिओवरचे बीटल्स, मोटाउनची गाणी हे सगळं या बहिणींनी ऐकलंच, वाजवलंही. पण गिटार हातात कशामुळे आली? एका अनोळखी शाळकरी मुलीमुळे, पैसे खर्च करणाऱ्या आईमुळे आणि शेजारी बसून साथ करणाऱ्या बहिणीमुळे. हे प्रभाव मोजायची पद्धत नाही, म्हणून ते कुणी लिहून ठेवत नाही.

शाळेत असतानाच मुलींचा बँड झाला. जून आधी ताल धरणारी गिटार वाजवी. मुख्य गिटार वाजवणारी मैत्रीण सोडून गेली तेव्हा ती जागा तिला घ्यावी लागली. मुलगा आणता आला असता, त्यांनी आणला नाही. जीन बास गिटारवर, अॅलिस द बूर ड्रम्सवर, पुढे निकी बार्क्ले कीबोर्डवर. या चौघींच्या 'फॅनी' बँडशी रिप्राइज या मोठ्या कंपनीने करार केला आणि १९७० साली पहिली तबकडी निघाली. सगळी वाद्यं स्वतः वाजवणाऱ्या मुलींच्या बँडची अख्खी एलपी एखाद्या मोठ्या कंपनीने काढावी, हे तोवर जवळजवळ घडलेलंच नव्हतं. १९७१ साली त्यांचं 'चॅरिटी बॉल' बिलबोर्डच्या यादीत चाळिसाव्या क्रमांकापर्यंत गेलं. १९७४ पर्यंत पाच एलपी झाल्या.

आणि त्याच काळात कंपनीची जाहिरात काय होती? 'फॅनी' हे बाईचं नाव आहे, तसाच तो अमेरिकेत ढुंगणासाठीचा बोली शब्दही आहे. इंग्लंडात तर त्याहून पुढचा. त्या श्लेषावर घोषवाक्यं रचली गेली. गाण्यापेक्षा कपड्यांची चर्चा जास्त होऊ लागली, ते आणखी तोकडे असावेत असा आग्रह झाला. बँडमधल्या काही जणी समलिंगी होत्या, जूनही. ते उघडपणे बोलायची सोय नव्हती. म्हणजे रंगमंचावर शरीर दाखवायचं आणि आयुष्य लपवायचं. १९७३ साली जून बँडमधून बाहेर पडली. जिद्द कमी पडली का तिची? उलट, वर्षानुवर्षं रोज स्वतःला सिद्ध करावं लागतं तेव्हा माणूस मोडतं, याला जिद्दीचं औषध नाही.

मग विसरणं सुरू झालं. १९९९ साली डेव्हिड बोवीने एका मुलाखतीत, हा त्या काळातल्या उत्तम बँडपैकी एक होता आणि कुणाला त्याची आठवणही नाही, अशी खंत केली. मग पत्रकारांना आठवण झाली. पुरुषाने सांगितलं ना! खरं तर १९६२ साली न्यूयॉर्कमध्ये गोल्डी अँड द जिंजरब्रेड्स होत्या, त्याआधी रोझेटा थार्प होती, १९७५ साली रनअवेज आल्या, १९८२ साली गो-गोजचा अल्बम अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला. दर वेळी नवल तेच: अय्या, मुली वाजवतात! आधीच्या बाईला पुसून टाकल्याशिवाय पुढचीला 'पहिली' म्हणता येत नाही. आपणही 'पहिली महिला अमुक' असं लिहिताना जरा थांबून शोध घ्यायला हवा.

जूनला पुन्हा उभं केलं ते बायकांच्या चळवळीने. १९७३ मध्ये काही स्त्रीवादी बायकांनी ऑलिव्हिया रेकॉर्ड्स ही सामूहिक तत्त्वावरची कंपनी काढली. वाजवणाऱ्या बायका, ध्वनिमुद्रण करणाऱ्या बायका, पैशाचा हिशेब ठेवणाऱ्याही बायकाच. क्रिस विल्यमसनच्या 'द चेंजर अँड द चेंज्ड' या १९७५ च्या तबकडीवर जून वाजली, पुढे इतर बायकांच्या तबकड्यांची निर्मिती करू लागली. तिथे तिला कुणाच्या मानाने वाजवायचं नव्हतं. १९८० च्या दशकात तिने जोडीदारीण अॅन हॅकलरसह बायका-मुलींसाठी संगीताची संस्था काढली. ती पुढे मॅसॅच्युसेट्समधल्या गोशेन गावी स्थिरावली. धान्याच्या कोठारासारख्या इमारतीत स्टुडिओ, उन्हाळ्यात मुलींची रॉक शिबिरं. मुली येतात, तिथेच बँड बनवतात, गाणं रचतात, ध्वनिमुद्रणाच्या टेबलावर बसतात, शेवटी लोकांसमोर वाजवतात.

हा तिचा सल्ला, चौकटीत न मावणारा. एकटीने आरशासमोर आत्मविश्वास वाढवू नका. चारजणी जमवा आणि एक खोली मिळवा. अॅम्प्लिफायरची वायर स्वतः जोडायला शिका, नाहीतर जो वायर जोडतो तोच आवाज किती ठेवायचा ते ठरवतो. करार वाचा, गाण्यावर रचनाकार म्हणून आपलं नाव छापून घ्या. चुकलात तरी मोठ्याने चुका. हळू वाजवलेली चूक दुरुस्त होत नाही, कारण ती कुणाला ऐकूच जात नाही. आणि पोलादी तारांनी बोटं सोलवटतात, पहिले काही आठवडे दुखतात, मग घट्टे पडतात. "मुलीचे नाजूक हात" म्हणून हळहळणाऱ्यांना विचारा, पाट्यावरवंट्याने आणि खुरप्याने पडलेल्या घट्ट्यांसाठी ते कधी हळहळले होते?

कुणी म्हणेल, रॉक हे परक्यांचं, इंग्रजी शाळेतल्या मुलींचं खूळ. आपल्या गटांना त्याचं काय? पण रोझेटा थार्पचे आईबाप आर्कान्साच्या मळ्यात कापूस वेचणारे होते. तिची आई चर्चमध्ये प्रवचन करी, मँडोलिन वाजवी. ही पोर सहा वर्षांची असल्यापासून आईबरोबर गावोगाव फिरली. रॉकची मुळं अशा बायकांच्या बोटांत आहेत. ते गोऱ्या पुरुषांचं कधी झालं, हा प्रश्न विचारायचा.

आणि घरचं पाहू. लावणीत बाई नाचते, गाते. ढोलकी, हलगी, तुणतुणं कुणाच्या हातात असतं? मुंबईत आबान मिस्त्रींनी तबल्यावर आयुष्य वेचलं, पण 'तबलजी' म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर आजही बाप्याच येतो. ढोलपथकांत मुली आल्या, फार चांगलं झालं. पण छायाचित्रकार त्यांची नथ शोधतो, ठेका कुणी ऐकत नाही. चळवळीतसुद्धा गाणी आपली, आवाज आपला, आणि ढोलकी वाजवायला कुणाचा तरी भाऊ. "ताई, तुम्ही म्हणा, ठेका मी धरतो." तो बिचारा प्रेमानेच येतो. पण त्याला उशीर झाला की आपला कार्यक्रम थांबतो, आणि त्याने लय वाढवली की आपण धापा टाकत त्याच्यामागे पळतो.

तेव्हा पुढच्या मेळाव्याचं अंदाजपत्रक करताना मांडव, जेवण, बॅनर यांच्याखाली एक ढोलकी आणि एक जुनी गिटार लिहा. शिबिरात गाण्याच्या सत्राला एक तास असतो, वाद्यांना दोन द्या, आणि दार लावून घ्या म्हणजे पोरींना हवा तेवढा गोंगाट करता येईल. ध्वनिक्षेपकाच्या टेबलामागे दोघीजणी बसवा. पहिल्या वर्षी बेसूर होईल. कुणीतरी उठून म्हणेलच, "मुलींच्या मानाने बरं झालं." त्याला तिथेच, माइक चालू असताना विचारा: कुणाच्या मानाने?